नट सैल करून गॅस सोडू देऊ नका

प्रश्न : आमच्या २००४ सालच्या पेट्रोल गाडीचा एसी कंप्रेसर जाम झालाय. खर्च परवडत नाही, म्हणून एसी पूर्ण काढून टाकायचाय. मेकॅनिक म्हणतात, ‘नट सैल करून गॅस सोडून देऊ, पाच मिनिटांचं काम.’ चालेल का? बॉनेटखालच्या स्टिकरवर ‘आर-१३४ए, ४५० ग्रॅम’ असं आहे.
– एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही ताई, तसं करू देऊ नका. हा एक किलो गॅस जवळपास चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे तुमचे साडेचारशे ग्रॅम सहाशे किलोंच्या वर गेले. तेवढा कार्बन डायऑक्साइड गाडीच्या धुराड्यातून निघायला पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल. नाशिक-मुंबई जाऊन-येऊन बारा खेपा होतील त्यात. स्टिकर वाचलंत ते फार बरं केलंत. त्याआधीच्या जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा, ओझोनला भोक पाडणारा. हे दोन गॅस काढून घेताना एका सिलिंडरमध्ये मिसळले की दोन्ही वाया जातात.

दुसरं कारण माझ्या अंगठ्यावर आहे. शिकाऊ असताना मे महिन्यात, भर दुपारी मी असाच एक नट फिरवला. उन्हात उभ्या गाडीत कंप्रेसर बंद असला तरी आतला दाब बाहेरच्या हवेच्या आठ-दहा पट असतो आणि बाहेर येताच हा द्रव उणे २६ अंशाला उकळतो. कातडी पांढरी, लाकडासारखी टणक झाली, मग फोड आला. आठवडाभर पाना धरता आला नाही. डोळ्यात गेला असता तर?

गॅस ओढून घेणारं मशीन असतं. दोन नळ्या लावायच्या, गॅस वजनकाट्यावरच्या सिलिंडरमध्ये जातो. कंप्रेसर जाम असला तरी अडत नाही. दाबाचा काटा शून्याखाली गेला की दहा मिनिटं थांबायला सांगा. कंप्रेसरच्या तेलात मुरलेला गॅस सुटून दाब पुन्हा चढतो, तोही ओढून घ्यायचा. यानंतर पाइप, कंडेन्सर, कूलिंग कॉइल तुमचे नेहमीचे मेकॅनिक खुशाल खोलतील. तेल गटारात नको, इंजिनाच्या जुन्या तेलासारखं डब्यात साठवा. कंडेन्सर भंगारात जाईल, तिथे गॅस कटर चालतो. आत गॅस उरला असेल तर ज्वाळेत त्याची विषारी वाफ होते.

काही गाड्यांत कंप्रेसर आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर एकाच बेल्टवर असतात. तसं असेल तर लहान बेल्ट लागेल, तो आधी आणून ठेवा.

एक विचारू? पावसात कसारा घाट उतरता का? आतून धुरकटलेली काच एसीच पटकन साफ करतो. तसा प्रवास नेहमीचा असेल तर जुना पण चालू कंप्रेसर मिळतो का, ते आधी बघा.

काढायचंच ठरलं तर सातपूर, अंबडकडच्या एसीवाल्यांना फोन करून एवढंच विचारा, ‘गॅस काढून घ्यायचं मशीन आहे का?’ ‘फक्त भरायचं आहे’ म्हणाले, तर पुढचा नंबर लावा.