थोरलीचं नाव राहिलं

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून पहिलाच महिना, त्यात वीटभट्टीवरचं ते आठ पोरांचं खोपटं. तुझा राग समजतो. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याची सरासरी बाईमागे १.७ मुलांवर आलीय, तेव्हा तुझ्या पिढीला आठ म्हणजे अजबच वाटणार. आम्ही नऊ होतो आणि गावात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

"एवढ्यांना सांभाळणार कोण?" असं तू वैतागून लिहिलंयस. वैताग बाजूला ठेव आणि हाच प्रश्न सरळ विचार. सांभाळतं कोण?

बहात्तरच्या दुष्काळात आई-दादा दोघंही खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची. रात्री ती नऊ वाट्यांत पडायची आणि आईचा हात कुणाच्या वाट्याला कधी आखडला नाही. त्याच उन्हाळ्यात माझा कान फुटला. मी आठ वर्षांची, नंबर चौथा, स्वभावानं मुकी. आठवडाभर पू येत होता, घरात कुणाला पत्ता नाही. कळलं ते अक्काला, कारण माझी वेणी ती घालायची. केस ओढताना तिच्या बोटांना चिकटलं. अक्का तेव्हा अकरा वर्षांची. तिची शाळा तिसरीतच सुटली होती, मधल्या भावाला धरायला कुणी नव्हतं म्हणून. धाकट्याला कडेवर घेऊन तिनंच मला तालुक्याच्या दवाखान्यात चालत नेलं. उशीर झाला होता. त्या कानानं मला आजही कमीच ऐकू येतं. आणि अक्का आजही उभी राहते ती डावी कंबर बाहेर काढून.

आईला मी दोष देत नाही, पण खोटंही बोलणार नाही. पोटं भरणं तिला जमलं, प्रत्येकाकडे बघणं जमलं नाही, जमण्यासारखं नव्हतंच. भूक लागली की पोर ओरडतं. कान फुटला तर माझ्यासारखं गप्प बसतं. जे लक्ष आईबापांकडून पुरं पडत नाही ते घरातलं दुसरं कुणीतरी भरून काढतं, बहुतेक वेळा थोरली मुलगी, आपली शाळा सोडून.

तुला कुणीतरी हमखास ऐकवेल की बाबासाहेब आंबेडकर चौदावं अपत्य होते, मग काय बिघडलं? त्याला म्हणावं, पुढचंही सांग. त्या चौदांतली जगली पाच. आई गेली तेव्हा बाबासाहेब लहानगे होते, त्यांना आत्या मीराबाईंनी वाढवलं, आणि वडील स्वतः अभ्यासाला घेऊन बसायचे. तिथे आत्या होती. तुझ्या भट्टीवर आजी नाही, आत्या नाही, सगळी गावाकडे राहिलीत.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे डहाणूकडच्या वारली पाड्यांवर फार आधी उमगलं होतं. मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंड असतं. मग कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, विकासवाडी म्हणून. थोरलीनं धाकट्याला पाळणाघरात सोडायचं आणि पलीकडे जाऊन वर्गात बसायचं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात नेली. "एवढी पोरं का काढली?" असं विचारत त्या दारोदार फिरत बसल्या नाहीत.

मी मात्र विचारलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका बाईला, तिच्याच उंबऱ्यावर, चार शेजारणींसमोर. पुढच्या भेटीला तिनं दोन पोरं शेजारी लपवली आणि माझ्या रजिस्टरात सहाच लागली. लपवलेल्यांतलं एक सुकलेलं होतं, ते मला तीन महिन्यांनी दिसलं. पाळणा लांबवण्याचं बोलायचंच आहे, टाळू नकोस. पण ते बाई एकटी असताना, आशाताईला बरोबर घेऊन, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत पाणी माग, पी.

कुपोषण तपासायची दंडघेराची पट्टी काढलीस की आई तान्ह्याला पुढे करते. ते सहा महिन्यांचं झालं असेल तर त्याचा दंड मोजच, पण मागे भिंतीला टेकून कोण बसलंय ते बघ. पाच वर्षांच्या आतल्या सगळ्यांना रांगेत बोलाव आणि न रडणाऱ्यापासून सुरुवात कर. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लालमध्ये गेली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठव, आईच्या रोजाचा खाडा होत असेल तर सोबत कोण जाईल ते तिथेच ठरव. नाहीतर तीही जबाबदारी थोरलीवरच पडते.

थोरलीवरून आठवलं. तुझ्या पत्रात तान्ह्याचं वजन आहे, आईचं वय आहे, बापाची उचलही आहे. "एक दहा वर्षांची मुलगी बाळाला घेऊन दारात उभी होती" एवढंच एक वाक्य तिच्यावर. तुझं रजिस्टर सहा वर्षांपर्यंतचं, त्यात ती बसत नाही, हे मला माहीत आहे. तरी परवा जाशील तेव्हा तिचं नाव विचार, गावाकडे कितवीत होती ते विचार, आणि भट्टीजवळच्या शाळेतल्या गुरुजींना फोन लाव. धाकट्याला तुझ्या अंगणवाडीत किती वेळ बसवता येईल तेही सेविकेशी बोलून ठेव.

नाव कळलं की मला लिही.

तुझी,
बाई