चरित्रं, इतिहास, अर्थशास्त्र वगैरे नॉन-फिक्शन पुस्तकं वाचण्याऐवजी ऐकली तर चालतं का? आणि ऑडिओबुकचं निवेदन चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

चालतं. पण कुठलं पुस्तक, ते आधी सांगा. तुम्ही प्रश्नात "चरित्रं, इतिहास, अर्थशास्त्र वगैरे" असं एका दमात लिहिलंय, घोळ तिथेच आहे. चरित्र, आत्मकथन, प्रवासवर्णन, लढाईची हकिकत हे कानाला झेपतं, कारण त्यात एकामागून एक काहीतरी घडत जातं. ज्या पुस्तकात ४० व्या पानावरची व्याख्या ९० व्या पानावर लागते, ते नुसतं ऐकून डोक्यात राहत नाही. मान वर करून मागचं पान चाळण्याची सोय कानाला नाही.

ऐकणं वाचनाच्या तोडीचं आहे का, यावर भांडणारे दोन्ही पक्ष एकेक अभ्यास तोंडावर फेकतात. २०१६ साली अमेरिकेत रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 'अनब्रोकन' या दुसऱ्या महायुद्धातल्या सत्यकथेचे भाग काहींना ऐकवले, काहींना वाचायला दिले, काहींना दोन्ही एकदम. लगेच आणि दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत तिन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. ऑडिओवाल्यांचा हा हुकमी एक्का. त्याआधी २०१० साली डॅनियल आणि वूडी यांनी अभ्यासाचा लेख काही विद्यार्थ्यांना पॉडकास्ट म्हणून दिला आणि काहींना छापील दिला. ऐकणाऱ्यांना ५९ टक्के मिळाले, वाचणाऱ्यांना ८१. "ऐकणं म्हणजे काय वाचन?" म्हणणाऱ्यांचा हा. दोन्ही खरे आहेत, कारण एकात गोष्ट होती आणि दुसऱ्यात पाठ्यपुस्तकी मजकूर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी इथेच संपवतो, कारण मला बोलायचंय ते दुसऱ्यावर.

निवेदनाबद्दल माझा एका निवेदक मित्राशी जुना वाद आहे. त्याचं म्हणणं, मराठी श्रोता श्रुतिका आणि नभोनाट्यं ऐकत वाढलाय, सपाट वाचलं तर त्याला झोप येते, म्हणून इतिहास असो की शेतीचं पुस्तक, आवाजात भाव भरलाच पाहिजे. माझं म्हणणं, नॉन-फिक्शनमध्ये भाव लेखकाने आधीच जिथे ठेवायचा तिथे ठेवलेला असतो. निवेदकाचं काम वाक्य कुठे चाललंय ते ऐकणाऱ्याला कळू देणं एवढंच. आणि मराठीत ते फार अवघड काम आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं.

हे वाक्य घ्या: "१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पराभव होऊन भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले असतानाही, फौज घेऊन उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पुढचे काही दिवस त्याची पक्की खबर नव्हती." भाववाला निवेदक "विश्वासराव पडले" इथे आवाज खाली आणतो, घसा भरून घेतो, दीड-दोन सेकंद थांबतो. ऐकणाऱ्याच्या लेखी वाक्य तिथे संपलं. मग "असतानाही" हा शब्द पोरका होऊन येतो, आणि इतिहासकाराला जे सांगायचंय, म्हणजे पेशव्याला खबर नव्हती, ते दमलेल्या आवाजात शेपटासारखं निघून जातं. पराभव झाला हे इतिहासाचं पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे हो! नवी गोष्ट खबरीची आहे. नीट वाचणारा "असतानाही"वर आवाज वर ठेवतो, स्वल्पविरामाला पाव सेकंद श्वास घेतो, "काही दिवस"वर किंचित रेलतो आणि "नव्हती"ला आवाज खाली आणून टेकवतो. "-ऊन", "-ताना", "-ल्यामुळे", "तरीही" यांच्यावर आवाज पडता कामा नये, हा एक नियम पाळला तरी निम्मी पुस्तकं ऐकण्याजोगी होतील.

अवतरणांचंही असंच. इंग्रजीत कोण म्हणालं ते बहुधा आधी कळतं. आपल्याकडे सहा ओळींचा परिच्छेद संपल्यावर "असं ग्रँट डफ लिहितो" येतं, तोवर ऐकणाऱ्याने ते सगळं मूळ लेखकाच्या खात्यावर जमा केलेलं असतं. छापील पानावर अवतरणचिन्ह दिसतं, कानाला दिसत नाही. उपाय सोपा आहे, फक्त निवेदकाने पान आधी वाचलेलं हवं: अवतरणाआधी अर्धा सेकंद थांबायचं, आवाजाची पट्टी किंचित बदलायची, वेग जरा कमी करायचा, संपलं की पुन्हा अर्धा सेकंद थांबून मूळ पट्टीवर यायचं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ ब्रिटिश होता म्हणून त्याला साहेबी मराठी बोलायला लावायचं नाही. माझ्या मित्राला नेमकी तीच हौस आहे.

आता आकडे, कारण निवेदन खरं पारखायचं असेल तर तिथे पारखा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. हे "अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहतीस" असं वाचलं की शेवटच्या "तेहतीस"शिवाय कानात काही उरत नाही. आपल्या भाषेत सव्वा, साडे, पावणे आहेत; "सुमारे सव्वाअकरा कोटी" म्हटलं की आकडा डोक्यात बसतो. पण हा बदल निवेदकाने मनाने करायचा नसतो. प्रकाशकाने लेखकाला विचारून ऑडिओसाठी वेगळी संहिता करून द्यायला हवी, कुठला आकडा पूर्ण वाचायचा आणि कुठला गोळाबेरीज करायचा ते ठरवून. बहुतेक ठिकाणी छापील पुस्तकाची पीडीएफ तशीच निवेदकाच्या हातात पडते आणि मग "तक्ता क्रमांक सातमध्ये दाखवल्याप्रमाणे" हे वाक्यही इमानेइतबारे वाचलं जातं. तक्ता कुठाय? सोबत पीडीएफ दिली असेल तर ठीक, नसेल तर ते वाक्य गाळायला हवं होतं.

सनावळीत दोन गोष्टी बघा. १८५७ हे "अठराशे सत्तावन्न" असं वाचलं पाहिजे. "एक हजार आठशे सत्तावन्न" म्हणणारा निवेदक पुस्तक समजून घेऊन वाचत नाहीये. आणि शके असेल तर "शके" हा शब्द ठसठशीत यायला हवा. राज्याभिषेक शके १५९६ चा, म्हणजे इसवी सन १६७४ चा. "शके" गिळला की ऐकणारा अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे जातो.

तळटिपा सरसकट वाचू नयेत आणि सरसकट गाळूही नयेत. नुसता संदर्भ देणारी टीप गाळावी. मजकुरात भर घालणारी किंवा लेखकाने स्वतःच्याच विधानाला मुरड घातलेली टीप वाचावी, आणि ती वाक्याच्या मधोमध नव्हे, परिच्छेद संपल्यावर.

उच्चारांबद्दल लोक 'न'-'ण'वरच भांडत बसतात. मला त्याहून जास्त खटकतो तो "फळ"मधल्या 'फ'चा इंग्रजी एफ होणं, आणि हिंदी जाहिरातींची सवय झालेल्या निवेदकांचं "विग्यान". "जरा थांब"मधला 'ज' आणि "जरा-व्याधी"मधला 'ज' वेगळे आहेत, हे विसरून चालत नाही. परक्या नावांची यादी रेकॉर्डिंगच्या आधी करून एकच उच्चार पक्का करावा लागतो. नाहीतर तिसऱ्या प्रकरणातला देकार्त अकराव्यात डेस्कार्टिस होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं माणसं दोन आहेत.

पार्श्वसंगीताबद्दल थोडक्यात: मजकुराखाली नको. प्रकरण संपल्यावर तीन-चार सेकंद हवं तर वाजवा. मजकुराखालचं संगीत 'स', 'श', 'त', 'थ' खाऊन टाकतं, आणि सव्वापट वेगाने ऐकायला लागलात की त्याचा नुसता कालवा होतो.

"लेखकानेच वाचावं" हा मित्राचा दुसरा लाडका मुद्दा, आणि दाखला नेहमीचा: ओबामा. बराक ओबामांना स्वतःच्या आत्मकथनाच्या वाचनासाठी २००६ साली ग्रॅमी मिळालं, मिशेल ओबामांना २०२० साली. कबूल. पण ही दोन्ही आत्मकथनं आहेत, वाचणारी माणसं आयुष्यभर भाषणं करत आलेली, आणि बराक यांचं ते ध्वनिमुद्रण संक्षिप्त होतं. शब्द-न्-शब्द पूर्ण पुस्तक वाचणं हे निराळं दमाचं काम आहे. आत्मकथन लेखकाने वाचावं, अडखळला तरी चालेल. बाकी पुस्तकं ज्याला वाचता येतात त्याने वाचावीत.

विकत घेण्याआधी काय तपासायचं? नमुना म्हणून मिळतो तो बहुतेकदा सुरुवातीचा भाग, आणि तो सगळ्यात जपून वाचलेला असतो. सदस्यत्व असेल तर सरळ मधल्या प्रकरणात उडी मारा, आकडे आणि नावं असलेला भाग शोधा आणि इअरफोन लावून पाचेक मिनिटं ऐका. एकाच परिच्छेदात आवाजाचा पोत किंवा खोलीची घुमणूक अचानक बदलली, तर तिथे नंतर दुरुस्तीचा तुकडा चिकटवलाय आणि मिसळण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. वाक्यांच्या मध्ये ठार शांतता असेल, श्वाससुद्धा नसेल, तर नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारी सोय, फार घट्ट लावलाय. त्याने मराठीचं जास्त नुकसान होतं, कारण आपला अर्थ शब्दाच्या शेपटात असतो: "आहेत"चा 'त' कापला की अनेकवचनाचं एकवचन होतं.

रेकॉर्डिंगचे निकष गुपित नाहीत. ऑडिओबुकं विकणाऱ्या ऑडिबलच्या एसीएक्स या निर्मिती-व्यवस्थेने ते जाहीरच केलेत: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या वर नाही, खोलीचा मूळ आवाज उणे ६० च्या खाली, किमान १९२ केबीपीएसची एमपी३, एक फाइल १२० मिनिटांहून मोठी नाही. गोधड्या टांगलेल्या खोलीत, पंखा आणि फ्रिज बंद करून, माइकपासून वीतभर अंतरावर आणि थोडं तिरकं बसलं, म्हणजे 'प' आणि 'भ'चा वारा थेट माइकवर येत नाही, की घरीही हे साधतं. सुरुवातीला खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवावी, चुका कापल्यावर मध्ये भरायला तीच लागते. तयार एका तासामागे रेकॉर्डिंग, संपादन, तपासणी मिळून सहा तास धरावेत. तीन तासांत उरकलेलं ऐकू येतं.

वेगाबद्दल: इंग्रजीत तासाला सुमारे ९,३०० शब्द धरतात, म्हणजे मिनिटाला १५५. मराठीत प्रत्यय चिकटून शब्द लांबतात, त्यामुळे वैचारिक पुस्तक मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या पुढे गेलं की धावायला लागतं असं माझं मत. ऐकताना सव्वापट ठीक; दीडपटीला जोडाक्षरं गिळली जातात.

यावर एक दुरुस्ती जोडतो. वर्षानुवर्षं कानाने वाचणारे अंध वाचक दुप्पट वेगानेही सगळं टिपतात, तेही यंत्राच्या आवाजात. तो सवयीचा भाग आहे, त्यांना माझा वेगाचा नियम लागू नाही. "ऐकणं म्हणजे वाचन नव्हे" म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासमोर हे वाक्य म्हणून दाखवावं. आणि नॉन-फिक्शन ऐकण्याची खरी सोय त्यांच्यासाठीच आधी झाली: १९९० च्या दशकात आलेल्या डेझी स्वरूपात प्रकरण, उपशीर्षक, पान क्रमांक यांवर थेट उडी मारता येते, तळटिपा हव्या तेव्हा बंद करता येतात. आपण पैसे भरून वापरतो त्या ॲपवर बहुतेकदा प्रकरणांची यादी आणि पंधरा-तीस सेकंद मागे जाण्याचं बटण एवढंच असतं, आणि त्या प्रकरणांनाही नुसते क्रमांक. मी तक्रार करतो ती याचीच, निवेदकांची नंतर.

दुसरी दुरुस्ती मित्राच्या बाजूने: ललित लेख, विनोदी लेखन, भाषणांचे संग्रह यांत सपाट वाचन खरंच मारक आहे. तिथे त्याच्यासारखाच माणूस हवा. शेतीच्या पुस्तकात नको.

तुम्ही सुरुवात प्रवासवर्णनाने करा, नकाशा शेजारी उघडा ठेवून. अर्थशास्त्राचं ऐकायचंच असेल तर छापील प्रत वाचनालयातून आणा, एक प्रकरण ऐकलं की त्यातले तक्ते त्याच दिवशी डोळ्यांखालून घाला, आणि भांडी घासताना किंवा लोकलमध्ये उभ्याने ते पुस्तक लावू नका. त्या वेळेसाठी चरित्रं आहेत.