खान्देशातल्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीला थ्री-पीस फोर्ज्ड व्हील घ्यावं की वन-पीस?

भाऊ, सरळ सांगतो, वन-पीस घ्या. तुम्ही लिहिलंय की स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, रोजचं धुळे–जळगाव होतं, अधूनमधून चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगरला जाता, आणि जवळपास सारख्याच पैशात १८ इंची थ्री-पीसचा किंवा वन-पीसचा सेट मिळतोय. मी जळगावात टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो. दोन्ही प्रकारची व्हील्स हाताखालून जातात, म्हणून कारणं जरा खोलात लिहितो.

फोर्ज्ड व्हील म्हणजे बहुधा ६०६१ जातीच्या अॅल्युमिनियमचा ठोकळा हजारो टनांच्या प्रेसखाली दाबून केलेलं व्हील. दाबामुळे धातू घट्ट बसतो, ओतीव व्हीलमध्ये राहतात तशी बारीक छिद्रं राहत नाहीत, म्हणून कमी धातूत तेवढीच ताकद मिळते. वन-पीसमध्ये सगळं व्हील अशा एकाच तुकड्यातून सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) कोरलेलं असतं. थ्री-पीसमध्ये मधला चेहरा फोर्ज्ड असतो. आतलं बॅरल (टायर बसतो तो नळकांड्यासारखा भाग) आणि बाहेरची लिप (कड) बहुतेक वेळा अॅल्युमिनियमच्या पत्र्याला फिरवत आकार देऊन केलेली असते. हे तिन्ही भाग तीस-चाळीस बारीक बोल्टांनी गोलाकार आवळलेले असतात आणि सांध्यातून हवा जाऊ नये म्हणून वर सिलिकॉनचा थर असतो.

ही रचना रेसिंगमधून आली. तिथे एका दिवसात रुंदी बदलायची असते, ठोकलेलं बॅरल काढून दुसरं बसवायचं असतं. जर्मनीतल्या शिल्टाखची १९७० सालची बीबीएस कंपनी यातलं मोठं नाव, आणि तिच्या १९८३ च्या आरएस नावाच्या व्हीलमुळे थ्री-पीस रस्त्यावरच्या गाड्यांचं स्वप्न झालं. पण बीबीएस नावाच्याच जपानी कंपनीची २०२२ पासून फॉर्म्युला वनला जी १८ इंची व्हील्स गेली, ती मॅग्नेशियमची, फोर्ज्ड आणि वन-पीस होती. निव्वळ वेगाचा विचार केला की सांधे नको असतात, एवढं यावरून कळतं.

वजनाचंही तसंच. रेज या जपानी कंपनीचं टीई३७ हे १९९६ चं वन-पीस फोर्ज्ड व्हील. त्यातला ३७ म्हणजे १५ इंची मापात ३.७ किलो. थ्री-पीसमध्ये बोल्ट आणि दोन भाग एकावर एक येतात तो जाड पट्टा, हे सगळं वजन परिघाकडे सरकतं. गाडी पळवताना आणि थांबवताना परिघावरचं वजन हबजवळच्या वजनापेक्षा जास्त त्रास देतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं.

आता खरी अडचण. थ्री-पीस व्हील हळूहळू हवा सोडायला लागलं की गिऱ्हाईक पंक्चर समजून येतं. टायर धड असतो, व्हॉल्व्ह धड असतो. व्हील पाण्याच्या टाकीत दाबून धरलं की बोल्टांच्या रांगेतून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. मग टायर उतरवायचा, सगळे बोल्ट सोडायचे, जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं (लोखंडी पान्यानं ओरखडा पडला की तिथूनच पुढे गळतं), सॉल्व्हंटनं पुसायचं, नवा थर द्यायचा आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं, कंपनीनं दिलेल्या टॉर्कवरच आवळायचे. सिलिकॉन सुकायला एक दिवस तरी द्यावा लागतो. शेवटी लिप सरळ फिरते की नाही, ते डायल लावून बघायचं. मला हे काम आवडतं, पण घाईत केलं तर पुन्हा करावं लागतं, आणि आपल्याकडे ते नीट करणारे हात फार थोडे आहेत.

आपल्याकडच्या उन्हात सिलिकॉन वितळतं असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, ते खरं नाही. चांगलं सिलिकॉन दोनशे अंशांच्या पुढेही टिकतं, भुसावळचा मे महिना त्याच्यापुढे काही नाही. सांधा बिघडतो तो धक्क्यांनी. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात बसतो, त्याच्या लाटा होतात, आणि पुलाच्या तोंडाशी जी पायरी तयार होते ती चांगल्या वेगात थेट लिपवर येते.

थ्री-पीसची बाजू मांडायची तर एकच मुद्दा खरा वजनदार आहे: बॅरल वाकलं तर तेवढंच बदलता येतं. वन-पीस जास्त वाकलं तर अख्खं व्हील जातं. पण बॅरल बाहेरून मागवायचं असेल तर आठवडेच्या आठवडे गाडी उभी राहते. विकणारा दोन जादा बॅरल सेटसोबत देत असेल, किंवा तुम्हाला बाजारात न मिळणारी रुंदी आणि ऑफसेट (व्हीलच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या बाजूचं अंतर) हवा असेल, तर विचार करा.

वाकलेलं फोर्ज्ड व्हील गॅसच्या ज्योतीवर तापवून ठोकू देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. त्याची ताकद टी-६ या तापवण्याच्या प्रक्रियेतून येते: पाचशे तीस अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवायचं, मग पावणेदोनशेच्या आसपास कित्येक तास ठेवायचं. ज्योत लावली की तेवढी जागा मऊ पडते. बाहेरून चकचकीत दिसतं आणि पुढच्या खड्ड्यात तिथेच बसतं.

घेताना काही गोष्टी बघा. फ्लो-फॉर्म्ड व्हील फोर्ज्ड म्हणून विकतात. त्याचा चेहरा ओतीव असतो. काही स्वस्त व्हील्सना कडेनं नुसते शोभेचे बोल्ट असतात. जेडब्ल्यूएल, व्हीआयए हे जपानी चाचणीचे शिक्के आणि लोड रेटिंग (व्हील किती भार पेलतं तो आकडा) मागून बघा. एका व्हीलचं रेटिंग जड अॅक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून जास्तच हवं. तुमच्या गाडीला पीसीडी ५x११२ (पाच बोल्ट, ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर) आणि मधलं भोक ५७.१ मिमी. कंपनीच्या बोल्टांची बैठक गोल असते, बाहेरच्या व्हील्सची बहुधा निमुळती. बोल्ट त्या बैठकीचेच घ्या, नाहीतर १२० न्यूटन-मीटरला आवळूनही ते सैल होतील.

आणि ब्रेक कॅलिपरला जागा राहत असेल तर १७ इंची वन-पीसच घ्या. २२५/४० आर१८ टायरची भिंत ९० मिमी, २२५/४५ आर१७ ची १०१ मिमी, बाहेरचा व्यास जवळपास तोच. त्या ११ मिलिमीटरनं पारोळा–एरंडोलच्या रस्त्यावर रिम वाचते. विकणारा जो ऑफसेट सांगतोय तो इथे लिहा, आत सस्पेन्शनला किंवा बाहेर फेंडरला लागेल का ते मोजून सांगतो.