आजच्या कंपन्यांमध्ये युनियनचा कामगाराला खरंच काही फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की चाकणजवळच्या कंपनीत चार वर्षं झाली, युनियनच्या फॉर्मवर सह्या गोळा होताहेत, एचआरचे साहेब म्हणतात कायदे बदलले, युनियनचे दिवस गेले, आणि घरचे म्हणतात सही करू नकोस. मी याच पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला एकवीस वर्षं काम करतोय. त्यातली सहा वर्षं कमिटीत होतो. माझं उत्तर 'हो, फायदा होतो' असंच आहे. पण कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, हे पाहिल्याशिवाय सही करू नका.

आमच्याकडे युनियन नव्हती तेव्हा पॉवर प्रेसचा, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनचा, सेन्सर बंद करून काम चालायचं. सेन्सर चालू असला की हात आत जाताच प्रेस थांबतो आणि तासाचे नग कमी पडतात. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असली की सुपरवायझर म्हणायचा, किल्ली फिरव, म्हणजे सेन्सर बंद कर. नाही म्हणणारा दुसऱ्या दिवशी पॅकिंगला, नाहीतर गेटबाहेर. माझ्या शेजारच्या मशिनवरच्या मुलाची दोन बोटं गेली. नोंदीत कारण लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही पाचजण बघत होतो. कोणी तोंड उघडलं नाही, मीही नाही. ती सल अजून जात नाही. धोकादायक यंत्राला संरक्षक बसवणं फॅक्टरी ॲक्टप्रमाणे 1948 पासून बंधनकारक आहे. कायदा होता, पण तो दाखवून 'मी मशीन चालवणार नाही' म्हणण्याची एकट्यादुकट्याची हिंमत नव्हती.

युनियन झाल्यावर पहिल्या करारात पगारवाढ बेताचीच मिळाली. पण एक कलम आम्ही हट्टाने घालून घेतलं: सेन्सर बंद असेल तर ऑपरेटर मशीन चालवणार नाही, त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही, आणि किल्ली फक्त मेंटेनन्सकडे राहील. त्या दिवसापासून आमच्या शॉपमधल्या एकाही पर्मनंट माणसाचं बोट गेलेलं नाही. युनियनने काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी पगाराच्या आधी हे सांगतो.

पगाराचंही सांगतो. मागणीपत्र द्यायचं, मग महिनोन्महिने बैठका, मग तीन वर्षांचा करार. कंपनी वाढ देते, पण बहुतेक वेळा त्याबदल्यात उत्पादनवाढ मागते. कमिटीत हिशोब समजणारा माणूस नसेल तर हातात आलेले पैसे वाढलेल्या नगांतच जिरतात. हे आमच्याकडे एकदा झालंय. तरीही एकेकट्याने साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन मागितल्यावर जे मिळायचं, त्यापेक्षा करारातून कितीतरी जास्त मिळालं, आणि मिळालं ते सगळ्यांना सारखं.

दुसरी गोष्ट चार्जशीटची, म्हणजे कंपनी कामगाराला देते त्या आरोपपत्राची. सस्पेंड झालेल्या माणसाला पहिले 90 दिवस निम्मा पगार आणि पुढे पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, हे कित्येकांना माहीतच नसतं. चौकशीत शेजारी बसून प्रश्न विचारणारा सहकारी असला की प्रकरणाचा नूर बदलतो. ज्याने एकट्याने चौकशी भोगली आहे, त्याला विचारा.

आता एचआरचा मुद्दा. चार लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाले, हे खरं. संपासाठी किमान 14 दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना लागते. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ती सक्ती सार्वजनिक सेवांपुरती होती. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी घेण्याची अट 100 कामगारांवरून 300 वर गेली. लढणं अवघड झालं आहे, मी नाकारत नाही. पण त्याच कायद्यात लिहिलंय की हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद असतील, तिला एकमेव वाटाघाटी करणारी युनियन मानावं लागेल. म्हणजे दिवस गेलेले नाहीत, निम्म्याहून जास्त माणसं एकत्र आणायची गरज वाढली आहे. आणि 'मॉडर्न कंपनीत युनियन चालत नाही' म्हणणाऱ्यांनी तामिळनाडूत श्रीपेरुम्बुदूरला बघावं. तिथल्या सॅमसंगच्या कारखान्यात सप्टेंबर 2024 पासून सुमारे दीड हजार कामगार 37 दिवस संपावर होते. मुख्य मागणी युनियनला मान्यता मिळावी ही होती. नोंदणी रखडली, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जानेवारी 2025 मध्ये युनियन नोंदवली गेली.

तुमच्या घरच्यांच्या डोक्यात बहुधा गिरणी संप असणार. माझे चुलतेही लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यात तेही होते. पुढे गावाकडे शेतमजुरी केली. त्या हालांवर मी कधीच पांघरूण घालणार नाही. पण तेव्हाच्या 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत एकाच संघाला बोलणी करण्याचा हक्क होता, आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार ज्यांच्या मागे गेले त्या दत्ता सामंतांशी बोलायला मालक कायद्याने बांधलेलेच नव्हते. त्यातून मी धडा घेतला तो असा: मान्यता आधी मिळवा, संप सगळ्यात शेवटी ठेवा.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. वर जो 51 टक्क्यांचा हिशोब सांगितला, तो कंपनीच्या हजेरीपटावरचा. कंत्राटी मुलं त्या पटावर नसतात, ती ठेकेदाराची. आमच्याकडे आज दोनशे पर्मनंट आणि सातशेच्या वर कंत्राटी आहेत. काम तेच, मशीन तेच, पगार निम्म्याहून कमी. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीला एका कंत्राटी मुलाच्या बोटाचं पेर गेलं. सेन्सर बंद होता. आमच्या करारातलं कलम त्याला लागू नव्हतं, आणि 'नाही' म्हणायची सोय तर त्याला कुणीच दिली नव्हती. आम्ही पर्मनंटवाल्यांनी स्वतःची बोटं वाचवली आणि धोका शेजारच्या पोराकडे सरकवला, असं मला त्या रात्री वाटलं. आजही तसंच वाटतं. शिवाय दरवर्षी पाच-दहा पर्मनंट निवृत्त होतात, त्या जागा भरत नाहीत. असंच चाललं तर आमची युनियन हळूहळू आपोआप संपेल.

ठरावीक मालक नसलेल्या माणसाला संघटनेने काहीच देता येत नाही, हे मला पटत नाही. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीमुळे महाराष्ट्रात 1969 मध्ये कायदा झाला. रोज वेगळ्या व्यापाऱ्याचं पोतं उचलणाऱ्या हमालाची मंडळात नोंद झाली, व्यापाऱ्याकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक आकारणी, घेऊन त्याला फंड आणि सुट्टीचा पगार मिळू लागला. राजस्थानने 2023 मध्ये ॲपवरच्या डिलिव्हरी आणि टॅक्सीवाल्यांसाठी जो कायदा केला, त्यात कल्याण मंडळाची आणि व्यवहारामागे आकारणीची अशीच कल्पना आहे.

वाईट युनियनही असतात. युनियन किंवा माथाडीच्या नावाने गेटवर खंडणी मागणारे, किंवा काल गेट मीटिंगला गरजणारे आणि आज त्याच कंपनीत लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतलेले पुढारी या पट्ट्यात कुणाला माहीत नाहीत? म्हणून सही करण्याआधी काही गोष्टी थेट विचारा. वर्गणीची पावती मिळते का, वर्षाचा जमाखर्च सभेत वाचतात का. कमिटीची निवडणूक गुप्त मतदानाने होते का. बाहेरचा नेता असेल तर त्याच्या किंवा नातेवाइकांच्या नावावर कुठे लेबर कॉन्ट्रॅक्ट आहे का. आणि मागणीपत्रात कंत्राटी मुलांसाठी एक तरी मागणी आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा गडबडला, तर सही थांबवा आणि ती मागणी आधी घालून घ्या.

आमचं पुढचं मागणीपत्र येत्या मार्चमध्ये जाणार आहे. सेन्सरचं कलम 'शॉपमध्ये काम करणारी प्रत्येक व्यक्ती' अशा शब्दांत बदलावं, असं मी लिहून दिलंय. कमिटीतल्या सातपैकी चौघे तयार आहेत. उरलेल्या तिघांशी रोज चहाच्या सुट्टीत बोलतोय.