बर्फ तिकडे वितळला तर पाणी आमच्या बंदरात चढेल?

प्रश्न : हर्णैला आमचा मासळीचा धंदा. रोज बर्फाच्या लाद्या फोडतो. उत्तर ध्रुवाकडचा समुद्रातला बर्फ कमी होतोय, असं पेपरात वाचलं. त्याने आमच्या बंदरात पाणी चढेल, असं मुलगा म्हणतो. मला पटत नाही. पैज लागली आहे.
— एक वाचक

उत्तर : शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा कोकम सरबताने पेला काठोकाठ भरून त्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवायचो. खडा वितळला की सरबत सांडेल, अशी अर्ध्या वर्गाची खात्री. थेंब सांडायचा नाही. (सरबत कोणी प्यायचं यावरून मारामारी, ती वेगळी.) आर्क्टिकचा समुद्री बर्फ तसाच, समुद्राचंच पाणी गोठून तरंगणारा. तो वितळून पाणी जवळजवळ चढतच नाही.

पण मे महिन्यात भर दुपारी अनवाणी डांबरी रस्त्यावर उभे राहा, मग चुना मारलेल्या ओट्यावर. बर्फ म्हणजे तो ओटा. अंगावर पडलेलं निम्म्याहून जास्त ऊन तो परत पाठवतो. उघडं काळं पाणी मात्र नव्वद टक्क्यांवर ऊन पिऊन टाकतं, तापतं आणि शेजारचा बर्फ खातं. पुढच्या थंडीत बर्फ धरतो तोही पातळ. लादीपेक्षा भुगा लवकर पाणी होतो, हे तुम्हाला मी काय सांगणार?

हा बर्फ सप्टेंबरात सगळ्यांत कमी असतो. उपग्रहांची मोजणी सुरू झाली त्या १९७९ साली तेव्हाही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होता. २०१२ मध्ये ३४ लाखांवर आला. पुढे तो नीचांक मोडला नाही, वरखाली चालू असतं. पण जुना जाड बर्फ बराचसा गेला. आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. त्यांचं ‘हिमाद्री’ हे ठाणं २००८ पासून तिकडेच, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे. ‘निसर्ग’ वादळही ह्या बर्फामुळेच आलं का, असं मला विचारतात. तसा थेट धागा मी जोडणार नाही.

आता ग्रीनलँड. तिथला बर्फ जमिनीवर आहे, म्हणजे भरलेल्या पेल्यात बाहेरून टाकलेला खडा. तो सगळा वितळायला शतकानुशतकं लागतील, पण वितळला तर जगभरचा समुद्र सरासरी सातेक मीटर चढेल. थोडाथोडा तो आजही वितळतोय आणि आर्क्टिक तापण्याने त्याला हातभारच लागतो. उधाणाच्या भरतीला जेटीवर पाणी कुठवर येतं, तुम्ही पाहताच.

तेव्हा मुलाला आधी विचारा, तो कुठल्या बर्फाबद्दल बोलत होता. ग्रीनलँडचं म्हणत असेल, तर पैज तुम्ही हरलात.