बीबी का मकबऱ्यासमोरचा चौक नव्याने करताना तिथे नवं व्यापारी संकुल बांधता येईल का?

संरक्षित हद्दीपासून 100 मीटरच्या आत असेल, तर नाही. प्रकल्प सरकारी असला तरीही नाही. मकबरा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि 1958च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली ही दुरुस्ती झाली. हे अंतर संरक्षित हद्दीपासून मोजतात, घुमटापासून नव्हे. लोकांचा घोळ बहुधा इथेच होतो. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊन बांधता येतं. गटार, सार्वजनिक शौचालय, पाणीपुरवठा, विजेची कामं मात्र या कायद्याच्या व्याख्येत ‘बांधकाम’ धरलीच जात नाहीत, म्हणजे चौक सुधारायला भरपूर वाव आहे. जुन्या दुकानांची डागडुजी चालते, पण तीही परवानगीनेच. आणि हा नियम केंद्र-संरक्षित स्मारकांचा. संभाजीनगरातल्या प्रत्येक जुन्या दरवाजाला तो आपोआप लागू होत नाही.