कागदावरचा नेम आणि समोरचा माणूस

प्रश्न : स्वसंरक्षणासाठी माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. रेंजवर १० मीटरवरून माझ्या सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात. नुकत्याच एका शिबिरात मात्र रंगाच्या काडतुसांचा, म्हणजे लागली की नुसता रंग उमटवणाऱ्या गोळ्यांचा, समोरासमोर सराव होता. समोरच्याने खिशातून मोबाइल काढला आणि मी गोळी झाडून मोकळा झालो. इतकी वर्षं घासली ती फुकट गेली का? आता सराव करू तरी कसला?

उत्तर : फुकट काही गेलं नाही. नेम तुमच्या हातात बसलाय, तो राहील. पण रेंजवर शिट्टी वाजली की झाडायचंच असतं. कागद खिशात हात घालत नाही की गयावया करत नाही. हाताला लागलेली ती सवय शिबिरात बाहेर आली, एवढंच. मी शिकवताना सरावाचे प्रसंग रचतो तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंग गोळी न सुटता संपावेत असेच रचतो. शिकणारे कुरकुरतात. पैसे भरून नुसतं उभं राहायचं, हे कुणाला पटणार!

नजर समोरच्याच्या हातांवर ठेवा. शिव्या तोंडातून येतात, सुरी हातातून. खिशातून कधी मोबाइल निघेल, कधी पाकीट, कधी रबरी सुरी. काय निघणार हे तुम्हाला आधी कळता कामा नये. अशा सरावाला खास त्यासाठीचं हत्यार लागतं, चेहरा आणि मान झाकणारं कवच लागतं, आणि जागेवर एकही खरं काडतूस नाही हे दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं. यात ढिलाई दिसली तर फी सोडा आणि घरी या.

सॉल्ट लेक सिटीचे पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की सुरी घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात सराव असलेल्याचंही पिस्तूल जेमतेम निघून झाडून होतं. लोकांनी त्यातून ‘२१ फुटांच्या आत झाडायला मोकळीक’ असा भलताच नियम काढला. खरा धडा पायांसाठी आहे. बाजूला सरका, मध्ये टेबल आणा, दार आणा, जमलं तर निघूनच जा. आणि ओरडा : “थांब! मागे हो!” याचा सराव कुणी करत नाही, त्यामुळे वेळ आली की भल्याभल्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

रेंजवर मित्राला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं डमी काडतूस घालायला सांगा. त्यावर ट्रिगर ओढलात की धमाका होत नाही, पण नळी मात्र खाली झुकते. धक्क्याच्या धास्तीने तुम्ही आधीच हात दाबताय, हे तिथल्या तिथे उघडं पडतं.

रात्रीसाठी टॉर्च वेगळी, दुसऱ्या हातात. पिस्तुलावरच्या टॉर्चने घर धुंडाळायचं म्हणजे जो समोर येईल त्याच्यावर नळी रोखायची, मग तो पाणी प्यायला उठलेला मुलगा का असेना.

पोलिस येतात तेव्हा त्यांना दिसतो फक्त पिस्तूल घेतलेला एक माणूस. म्हणून फोनचाही सराव करा : पत्ता, कोण जखमी आहे, तुमच्या अंगावर कोणते कपडे आहेत. ते पोचेपर्यंत धोका टळला असेल तर पिस्तूल म्यानात आणि दोन्ही तळवे रिकामे, दिसतील असे. पुढच्या शिबिरात प्रशिक्षकांना सांगा, शिट्टी शेवटच्या गोळीवर वाजवू नका, हा फोन संपल्यावर वाजवा.